तळं पिवळं पडलं

खालच्या अंगाची ती जमीन खारी होती. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी पापडी धरायची आणि अनवाणी चाललं तर टाचा चिरायच्या. दोघा भावांना ती वडिलांकडून मिळाली, पण वाटून घ्यावी असं कुणालाच कधी वाटलं नाही. वरच्या अंगाला विहीर होती, काळी माती होती. भांडायचं तर तिच्यावरून.

त्यामुळे कंपनीची माणसं आली आणि "आम्हाला हीच पाहिजे, भाड्यानं द्या" म्हणाली, तेव्हा थोरल्याला आनंदाच्या आधी संशय आला.

"चांगली जमीन सोडून ही कशाला मागतात? कुठंतरी पाणी मुरतंय."

"शेवाळ वाढवणार म्हणे तिच्यात," धाकटा म्हणाला.

"शेवाळ काय वाढवायचं असतं? विहिरीच्या पायरीवरून घसरून मामांचं कंबरडं मोडलं, त्यांनी काय बी पेरलं होतं?"

"त्याचं तेल काढणार, दादा. त्या तेलावर गाड्या चालणार."

"चालतील! उद्या म्हणतील, डबक्यावर विमान उडतं."

तरी जमीन दिली. पडून राहण्यापेक्षा बरं. वर्षभरात तिथं लांबच लांब, गुडघाभर खोलीची सहा तळी झाली. प्रत्येक तळ्यात मधोमध एक बुटकी भिंत आणि एका टोकाला पाणी ढकलणारं चाक. चाक संथ फिरायचं आणि हिरवंगार पाणी भिंतीला वळसा घालून घाण्याच्या बैलासारखं गोल गोल चालत राहायचं. पाणी दाट झालं की ते जाळीच्या कापडातून गाळायचं. कापडावर साय उरायची, ती पत्र्यांवर पसरून उन्हात वाळवायची, खरवडून पोत्यात भरायची. पोती पलीकडच्या शेडमध्ये जायची. तिथं यंत्रं होती, तिथं गावातल्या कुणाला आत सोडत नसत. त्यामुळे आत खरंच तेल निघतं की आणखी काही, याबद्दल ज्याला जे सुचेल ते तो सांगायचा.

थोरला चाकांवर राखणीला लागला. त्याची बायको, घरात सगळे तिला थोरलीच म्हणत, जाळ्यांवर आणि पत्र्यांवर. तिचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले. नखांच्या कडांतला रंग साबणानं जाईना. पहिल्यांदा तिला तो वास सोसला नाही, ओल्या गवताचा आणि माशाचा मिळून एक वास. मग तो तिच्या अंगाला, उशीला, मिठाच्या बरणीला लागला आणि कळेनासा झाला.

धाकटाही काही दिवस कामाला होता. पण फाटकावर मुकादम रोज संध्याकाळी पिशव्या उलट्या करून बघायचा. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याला सगळे शिट्टीच म्हणत. एकदा त्यानं धाकट्याला चपला काढायला लावल्या.

"चपलेत तेल नेतो का मी?" धाकटा म्हणाला.

"काय नेतोस ते बघायलाच तर काढायला सांगतोय."

धाकट्यानं चपला काढल्या, त्याच्या टेबलावर ठेवल्या आणि तसाच अनवाणी घरी आला. परत गेला नाही. त्यानंतर तो आणि त्याची बायको वरच्या शेतात वांगी-टोमॅटोची रोपं करू लागले. घर एकच होतं, चुली दोन, अंगण सामाईक. थोरली लग्न होऊन आली तेव्हा धाकटा शाळेत जाणारा पोर होता. तिच्या हातचं खाऊनच तो मोठा झाला होता. त्यामुळे चुली दोन झाल्या तरी भांडी इकडची तिकडे आणि तिकडची इकडे फिरत असायची.

त्या उन्हाळ्यात झळा फार लवकर सुरू झाल्या. एका सकाळी थोरली फाटकातून आत गेली तर माणसं तिसऱ्या तळ्याच्या काठावर मुकी उभी होती. तळं पिवळं पडलं होतं. कालपर्यंत हिरवं असलेलं पाणी पातळ, गढूळ, आजारी माणसाच्या लघवीसारखं. वर फेस. चाक फिरतच होतं आणि तो फेस संथपणे गोल गोल चालला होता. वास असा की तिनं बाहीनं नाक दाबलं.

शिट्टीनं वाकून पाणी बघितलं, सरळ झाला आणि सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघत गेला.

"कुणी घातलं?"

तो काठावर आणखी दोन पावलं पुढं सरकला.

"पाणी आपोआप मरत नाही. यात कुणीतरी काहीतरी घातलंय. रात्रपाळी कुणाची होती?"

रात्रपाळी थोरल्याची होती.

"मी जागाच होतो," थोरला म्हणाला. "कुणी आलं नाही."

"कुणी आलं नाही म्हणजे आत असलेल्यानंच घातलं. नाहीतर तू झोपला होतास. दोन्हीतलं काय ते तूच ठरव."

त्या दिवसापासून कामावर जायचं म्हणजे चौकशीला जाण्यासारखं झालं. पिशव्या आता येतानाही तपासायच्या. जेवणाचे डबे उघडायला लावून शिट्टी त्यात काडी फिरवायचा. एका म्हातारीनं खोकल्याच्या औषधाची बाटली आणली होती, तिला ती फाटकावरच संपवायला लावली. बायका पत्र्यांवर बसल्या की पूर्वी गप्पा चालायच्या. आता फक्त खरवडणीचा आवाज. अमकीचा नवरा दारू पितो, पैसे घेऊन काहीही करील. तमक्याला बढती मिळाली नाही, त्याचा डोळा आहेच. जो पाठ वळवील त्याच्यावर संशय. तिसरं तळं उपसून पाणी सोडून दिलं, तिथल्या माणसांना घरी बसवलं. म्हणजे संशयाला आता रिकामा वेळही मिळाला.

थोरला घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवताना मध्येच हात थांबायचा.

"मी झोपलो नव्हतो," तो म्हणायचा.

"मला का सांगताय? मी कुठं काय म्हटलं?"

"तू बघतेस तसं."

अशात एका पहाटे थोरली कामावर निघाली होती. पायवाट तळ्यांच्या मागच्या बांधाजवळून जाते. उजाडलं होतं पण ऊन पडलं नव्हतं. बांधाच्या खालून एक माणूस वर आला, हातात पांढरा कॅन, पाय चिखलानं भरलेले. तो धाकटा होता. त्यानं मागं वळून तळ्याकडे पाहिलं, कॅन खांद्यावर घेतला आणि झपझप वरच्या शेताकडे गेला. तिच्याकडे त्याची नजर गेली नाही, किंवा गेली असली तरी त्यानं दाखवलं नाही.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

दिवसभर तिनं ते पोटात ठेवलं. पत्रा खरवडताना तिला सारखं दिसत होतं, चपला टेबलावर ठेवून अनवाणी आलेला धाकटा. मानी आहे. राग धरून ठेवतो. लहानपणी एकदा मार खाल्ला तर आठवडाभर बोलला नव्हता. पण विष? नाही. मग कॅन कसला? भरलेला नेला म्हणजे काढून नेलं. की आधी काही ओतलं आणि मग कॅन विसळून पाणी भरलं? एकदा मन त्या वाटेला लागलं की त्याला प्रत्येक वळणावर काहीतरी सापडत होतं. संध्याकाळी धाकटी अंगणात भांडी घासत होती, ती नेहमीसारखी हसली, तर थोरलीला वाटलं, ही का हसली?

जेवणं झाल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. "बाहेर बोलू नका," म्हणाली. "नुसतं कानावर घातलं. भावोजींनाच विचारा सरळ."

थोरला भिंतीकडे तोंड करून पडला. त्यानं भावाला विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी शिट्टीनं त्याला शेडमागे बोलावलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. तेव्हा थोरल्याच्या तोंडून ते निघून गेलं.

पुढच्या पहाटे बांधाआड माणसं बसवून ठेवली होती. धाकट्याला कॅनसकट धरून आणलं. त्याच वेळी पाळी बदलत होती, त्यामुळे जाणारे आणि येणारे सगळेच तिथं होते. थोरली पत्र्यांपाशी हातात खरवडणी घेऊन उभी राहिली. थोरला चाकापाशी होता.

"हे काय?" शिट्टीनं कॅनला पाय लावला.

"पाणी. बांधाबाहेर पाझरतं ते. त्या ओलीला गवत बघा कसं माजलंय. माझी रोपं पिवळी पडत होती, त्यांना घालून बघितलं तर सुधारली. म्हणून नेतो."

"विचारून नेतोस?"

"पाझरून वाया जाणारं पाणी, त्याला काय विचारायचं?"

शिट्टीनं बूच काढलं, नाक जवळ नेलं आणि झटक्यात मागं घेतलं. "औषधाचा वास येतोय. फवारणीचं औषध."

"कॅन त्याचाच होता. कधीच धुऊन घेतलाय. घराघरात हेच कॅन असतात, तुमच्या पाणी प्यायच्या टाकीखाली ठेवलाय तोही तसलाच आहे."

कुणीतरी हसलं. ते हसणंच वाईट ठरलं. शिट्टीची मान लाल झाली.

"म्हणजे यात विष नाही?"

"नाही."

"मग पी."

चाकांचा छपछप आवाज तेवढा चालू. धाकट्यानं भावाकडे पाहिलं. थोरला चाकाच्या पात्यांकडे बघत होता, जणू त्यातलं एखादं निखळणार आहे. मग धाकट्यानं थोरलीकडे पाहिलं. तिला वाटलं, ओरडावं, खरवडणी फेकून मारावी. पण मनात कुठंतरी, खोल, तिलाही बघायचं होतं, तो पितो का. ते तिचं तिलाच कळलं आणि पाय जागीच राहिले.

धाकट्यानं कॅन दोन्ही हातांनी उचलला. हिरवं पाणी त्याच्या हनुवटीवरून, गळ्यावरून सदऱ्यात उतरलं. तो घोट घेत राहिला. थांबला, श्वास घेतला, पुन्हा प्यायला. मग कॅन खाली ठेवला, बूच नीट फिरवून लावलं आणि फाटकाबाहेर गेला. कुणी अडवलं नाही.

दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या. धाकटीच्या ओरडण्यानं शेजारी जमले. टेम्पो आला. थोरला धावत पुढं झाला, भावाच्या खांद्याखाली हात घालायला. तर धाकटी मध्ये आली. "तुम्ही हात लावू नका," ती म्हणाली. एवढंच. आजवर तिनं त्याच्यापुढं आवाज काढला नव्हता.

दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, साचलेलं पाणी प्यायलं तर कुणालाही उलट्या होतील, कॅनात थोडाफार औषधाचा अंश असला तर आणखीच. तब्येत दणकट आहे, उठेल. गावानं यातलं अर्धंच ऐकलं. औषधाचा अंश होता म्हणे! मग काय राहिलं? "चोराच्या मनात चांदणं," लोक म्हणाले. "प्यायला खरा, पण लगेच भोवलं की नाही?" शिट्टी आता ताठ मानेनं फिरू लागला. थोरल्याची नोकरी राहिली. एकदोघांनी त्याच्या पाठीवर हातही ठेवला, भावाला भाऊ म्हणून पाठीशी घातलं नाहीस, खरा माणूस आहेस. थोरला त्या दिवशी न जेवता झोपला.

धाकटा अजून दवाखान्यातच होता, तेव्हा पाचवं तळं पिवळं पडलं.

तोच रंग, तोच फेस, तोच वास. काठावर माणसं पुन्हा मुकी उभी. या वेळी शिट्टीनं "कुणी घातलं?" विचारलं नाही. एक बाई मागून हळूच म्हणाली, "आता त्याची बायको करत असेल." थोरलीनं वळून तिच्याकडे असं पाहिलं की ती दुसरीच्या मागं सरकली.

मग कंपनीनं भिंगवाल्या बाईला पाठवलं. ही बाई पूर्वी महिन्यातून एकदा येऊन पाणी तपासून जायची, मधले काही दिवस तिला दुसरीकडे नेलं होतं. तिनं कुणाला काही विचारलं नाही. पाचव्या तळ्याचं पाणी काचेवर घेतलं, शेडच्या ओट्यावर ठेवलेल्या भिंगाखाली सरकवलं आणि बघत बसली. थोरली दारात जाळी धरून उभी होती.

"या, बघायचंय?" बाई म्हणाली.

थोरलीनं एक डोळा मिटला. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात काहीतरी हललं. काचेसारखे आरपार, कर्ण्याच्या आकाराचे जीव, तोंडाशी केसांचं चक्र गरगर फिरतंय. एक नाही, कितीतरी. सारखे खात होते.

"अगं बाई! किडे?"

"पोटात हिरवं दिसतंय ना? ते तुमचं तळं."

"मग विष...?"

"विष असतं तर हे आधी मेले असते. हे तर मजेत आहेत. थोडे असले तर बरेच दिवस कळतही नाही. उष्मा वाढला की भराभर वाढतात, दोन-तीन दिवसांत सगळं शेवाळ फस्त करतात."

दारात आता आणखी माणसं जमली होती. थोरलाही होता.

"पण हे आले कुठून?" त्यानं विचारलं.

"कशानंही येतात. वाऱ्यानं, पाखरांच्या पायांना लागून. एका तळ्यात आले की दुसऱ्यात जायला ओली जाळी पुरते. म्हणून तर मी सांगून गेले होते, एका तळ्याची जाळी दुसऱ्यात घालायच्या आधी कढत पाण्यातून काढा, उन्हात वाळवा. सांगितलं होतं ना?" ती शिट्टीकडे वळली.

शिट्टीनं गळ्यातली शिट्टी चाचपली. "जाळ्या कमी होत्या. धुवत, वाळवत बसलं तर काम कोण करणार?"

पुढं कोण काय बोललं ते थोरलीनं ऐकलं नाही. ती हातातल्या जाळीकडे बघत होती. तिसरं तळं पिवळं पडायच्या आदल्या दिवशी तिथली साय तिनंच काढली होती, आणि शिट्टी घाई करतोय म्हणून तीच जाळी तशीच ओली ओढत पाचव्यावर नेली होती.

धाकटा घरी आला तेव्हा वाळला होता. गालफडं बसली होती. अंगणात बाजेवर उशीला टेकून तो रोपांकडे जाणाऱ्या बायकोला काहीबाही सांगत होता. थोरली दोनदा दारापर्यंत येऊन परत फिरली. तिसऱ्यांदा आली ती थेट बाजेपाशी.

"भावोजी, विष नव्हतंच. किडे होते. बाईनं भिंगातून दाखवले. आणि ते पाचव्या तळ्यात गेले ते माझ्या जाळीतून. माझ्याच हातांनी."

"कळलं मला. टेम्पोवाल्यानं सांगितलं."

"यांनी तुमचं नाव..." तिला पुढं बोलवेना.

"दादानं सांगितलं ते ठाऊक आहे. पण दादाला कुणी सांगितलं? त्या वेळी त्या वाटेनं तुमच्याशिवाय कुणी जात नाही, वहिनी. मी तुम्हाला पाहिलं होतं."



"पाहिलं होतं तर थांबला का नाहीत?"

"वाटलं, हाक माराल. नेहमी मारता. अर्ध्या वाटेपर्यंत मी वाट बघत होतो." त्यानं पाठीमागची उशी सरळ केली. "हाक मारली असती तर सांगितलंच असतं. रोपंही दाखवली असती."

ती तिथंच बाजेच्या पायाशी बसली आणि रडली. त्यानं तिला गप्प केलं नाही, जा म्हणूनही म्हणाला नाही. धाकटी शेतातून आली, तिनं दोघांना पाहिलं आणि मुकाट्यानं घरात गेली.

थोरला मात्र भावापुढं आला नाही. सकाळी धाकटा उठायच्या आत कामावर जायचा, अंगणातून जाताना खोकायचा देखील नाही. बायकोनं टोकलं तर म्हणायचा, "जाऊन काय बोलू? शब्द सापडू दे." शब्द सापडायच्या आत धाकट्याचाच निरोप आला. आता जमीन वाटून घेऊ.

"बघ," थोरला म्हणाला. "आला ना मुद्द्यावर? विहीर मागणार. आपण चुकलो, आता तोंड वर करायला जागा नाही, हे ओळखून आहे तो. बरोबर वेळ साधली."

पण धाकट्यानं विहीर मागितली नाही. वरची काळी जमीनही मागितली नाही. तिच्यातला त्याच्या रोपांपुरता तुकडा तेवढा राहू द्या म्हणाला. बाकी सगळं दादाचं. त्याला खालची खारी जमीन हवी होती, तळ्यांसकट.

मग तर थोरल्याची झोपच उडाली. "काहीतरी आहे. त्याला आतली बातमी आहे. कंपनी भाव वाढवणार असेल, नाहीतर दुसरी मोठी कंपनी येणार असेल. उगाच कोण सोनं सोडून माती घेतो?"

"मी विचारते," थोरली म्हणाली.

"तो काय खरं सांगणार आहे?"

ती वरच्या शेतात गेली. धाकटा वाफ्यात उकिडवा बसून रोपांच्या मुळाशी माती लावत होता. रोपं खरंच चांगली होती, जाड दांड्याची, काळपट हिरवी.

"भावोजी, खरं सांगा. खारी जमीन कशाला घेता? कंपनी आज आहे, उद्या गेली तर तिथं गवताची काडीसुद्धा उगवायची नाही."

त्यानं हातातली माती झटकली.

"ते किडे पुन्हा येणार, वहिनी. उन्हाळा दरसाल येतो. तळं पुन्हा पिवळं पडेल, आणि पुन्हा कुणीतरी विचारील, कुणी घातलं? त्या वेळी जमीन माझी असली म्हणजे झालं." तो पुन्हा खाली वाकला. "स्वतःच्या तळ्यात माणूस विष कालवत नाही, एवढं तरी लोक मानतील. दादासुद्धा."

तिनं घरी येऊन नवऱ्याला ते जसंच्या तसं सांगितलं. "असं म्हणाला?" त्यानं विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "एवढंच म्हणाला?"

मोजणीच्या दिवशी चौघंही खाली गेले. उपसलेलं तिसरं तळं पुन्हा भरलं होतं, त्यातलं पाणी अजून फिकट पोपटी होतं. जाळ्या धुऊन कुंपणावर वाळत होत्या. दोरीचं एक टोक धाकट्यानं धरलं, दुसरं थोरल्यानं. दोघं बोलले ते "ओढ", "सोड", "इथं" एवढंच. तरी बऱ्याच दिवसांनी दोघांचा आवाज एका ठिकाणी ऐकू येत होता, आणि थोरलीला तेवढ्यानंही बरं वाटलं.

हद्दीच्या टोकाला धाकट्यानं खुंटी ठोकली. अजून अंगात जोर नव्हता, घाव घालताना त्याला दम लागत होता. थोरला एक पाऊल पुढं आला, घण घ्यायला हात केला. धाकट्यानं दिला नाही. खुंटी ठोकून झाली तसा तो घण खांद्यावर टाकून बायकोबरोबर बांधाच्या वाटेनं वर निघाला. थोरली त्यांच्या मागोमाग निघाली. थोड्या अंतरावर जाऊन तिनं मागं वळून पाहिलं.

थोरला खुंटीपाशी वाकला होता. त्यानं ती हलवून पाहिली. घट्ट होती. तो उठला, चार पावलं चालला, थांबला. वर जाणाऱ्या भावाच्या पाठीकडे पाहिलं, आणि परत येऊन त्यानं जमिनीवर पडलेली दोरी उचलली. एकटाच, एक टोक पायाखाली दाबून, तो पुन्हा मोजायला लागला.